उरलेली पंधरा मिनिटं

मी शॉवर बोलतोय. आंघोळीचा नव्हे हं! कारखान्यात तेजाबाच्या टाक्यांजवळ उभा असतो तो, हिरव्या पाइपचा, लोंबत्या साखळीचा. अंगावर तेजाब सांडलं की माझ्याकडे धावायचं. शेजारी पाटीच आहे: ताबडतोब कपडे काढा, वीस मिनिटं पाणी घ्या.

मला बसवलं त्या दिवशी साहेबांनी साखळी ओढून टाळ्या घेतल्या. पुढं सात वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या खांबाला डब्यांच्या पिशव्या अडकवायचे. मी बिनकामाचा राहिलेलाच बरा, असं मलाही वाटायचं.

टाक्यांवर दोघी जावा कामाला होत्या. थोरली फटकळ, धाकटी अगदी गोगलगाय. त्या दुपारी तेजाबाचा कॅन ओतताना धाकटीच्या हातून निसटला आणि ती कमरेखाली भिजली. थोरलीनं तिला ओढत माझ्याखाली आणलं, साखळी खेचली. मी जीव तोडून कोसळलो.

पण पँट मांड्यांना चिकटलेली आणि तेजाब आतच. थोरली बटणाला हात घालायला गेली, तर धाकटीनं तिचं मनगट घट्ट धरलं. भोवती दहा-बारा पुरुष जमले होते. बिचारे मदतीलाच आले होते, पण पाठ फिरवायचं एकालाही सुचलं नाही.

"जाऊबाई, नको ना. सगळे बघतायत."

आणि एरवी कुणाच्या बापाला न भिणारी थोरलीही लाजली. तिनं हात मागं घेतला.

पाचव्या मिनिटाला मुकादम म्हणाला, पुरे आता, गाडी आलीय. चादर गुंडाळून तिला ओल्या पँटसकट नेलं. मी रिकाम्या फरशीवर वाहत राहिलो. अजून पंधरा मिनिटं द्यायची होती मला. असा संताप आला, पण सांगतो कुणाला?

धाकटी जगली. दोन्ही मांड्यांची कातडी मात्र गेली. लेक अडीच वर्षांची आहे, तिला मांडीवर घेता येत नाही.

महिनाभरानं थोरली कामावर आली. कुणाला न विचारता तिनं ताडपत्रीचा पडदा शिवून माझ्याभोवती लावला, आत एक कोरडा गाऊन टांगला. दर सोमवारी ती साखळी ओढून बघते. नवी बाई आली की तिला पडद्याआड आणून सांगते, "तेव्हा मी लाजले. तू लाजू नकोस."

माझे सांधे आता गंजलेत. एवढंच मागतो: माझ्याखाली कुणी उभं असलं तर बघत राहू नका. पाठ फिरवा आणि पुरती वीस मिनिटं मोजा.