रोजचा बावीस मिलिमीटर पाऊस

शीतलने टेबलाखाली डोकं घातलं आणि वायरचं टोक तिसऱ्यांदा कॉम्प्युटरच्या मागे खुपसलं. पडद्यावर पुन्हा तेच वाक्य आलं: उपकरण सापडले नाही. काळ्या डबीवरचा दिवा मात्र मजेत लुकलुकत होता.

"दे ती डबी परत करून," दारात बूट चढवता चढवता तिचा नवरा रवींद्र म्हणाला. त्याला साखर कारखान्याची पाळी गाठायची होती. "सकाळपासून तिच्याच म्होरं बसून राहिलीस."

"तुमी खांब रोवला, तुमचं काम झालं. निघा आता."

खांब शेतात होता, कुरुंद्याच्या या शेवटच्या घरापासून तीनशे पावलांवर, ओढ्यापलीकडच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीच्या जागेवर. त्याच्यावर एक पांढरं यंत्र बसवलं होतं. ऊन, हवेतला दमटपणा आणि गेल्या तासाभरात पडलेला पाऊस असं सगळं ते मोजायचं आणि बिनतारी घरी धाडायचं. डबीने ते ऐकायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं, एवढाच व्यवहार. शिजवलेली हळद आखाड्यावर पसरली होती. ती वाळायला अजून दोन आठवडे हवे होते आणि आभाळाचा भरवसा कुणी द्यावा?

हळदीच्या राखणीला सासरे, शेषराव, आखाड्यावरच झोपायचे. शीतलला खरी काळजी त्यांची होती. गेल्या वर्षी याच दिवसांत रक्तातली साखर उतरून ते पहाटे चक्कर येऊन पडले होते आणि ती दहा वाजता भाकरी घेऊन गेली तेव्हा कुठे कळलं होतं. चार तास माणूस मातीत पडून होता. तेव्हापासून ती त्यांच्या मागे लागली होती, घरी झोपा, निदान मोबाईल तरी ठेवा. म्हातारा दोन्हीला बधत नव्हता. "मी काय बैल हाय का, गळ्यात घुंगरू बांधायला?" एवढं बोलून ते विडी पेटवायचे. सकाळी कुणी नुसतं डोकवायला गेलं तरी त्यांचं तोंड दिवसभर फुगलेलं असायचं.

दुपारी तिला खोक्यातल्या थर्माकोलखाली एक आखूड वायर सापडली. इतका वेळ ती मोबाईलच्या चार्जरची वायर लावत होती आणि त्या वायरीतून नुसता करंट जायचा, आकडे जायचे नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने नवी वायर जोडली. पडदा क्षणभर थबकला आणि आकडे उमटले. तापमान अडतीस, दमटपणा एकवीस, पाऊस शून्य. शीतल एकटीच टाळी वाजवून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला पाहते तर पाऊस बावीस मिलिमीटर.

बाहेर आभाळ निरभ्र होतं, पण ओढ्यापलीकडे एखादा ढग सांडला असेल तर? वर्षाची हळद उघड्यावर होती. ताडपत्री काखोटीला मारून ती धावत सुटली. आखाड्यावर धूळ उडत होती, हळद खडखडीत वाळत होती आणि शेषराव तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत बसले होते.

"काय झालं व, पोरी? कुठं आग लागली?"

"मामा, हितं पाऊस पडला का?"

"चैतात पाऊस? सपान पडलं का तुला?" त्यांनी खांबाकडे बोट केलं. "बरं केलं रवीनं, पाखराला पाण्याचं भांडं लावलं ते. आत्ताच पेलाभर वतलं, तर बघ, एक थेंब राहिला न्हाई. लई तहानलेली हायेत पाखरं."

पावसाच्या नरसाळ्यात पेलाभर पाणी! ते खालून गळून गेलं होतं आणि पाखरांच्या नावावर जमा झालं होतं. शीतल सांगणारच होती. तोंड उघडलं आणि मिटलं. म्हातारा सहाला उठला, चालत खांबापर्यंत गेला, पाणी ओतलं. आणि हे तिला घरबसल्या कळलं होतं. तिने चहा घेतला आणि ताडपत्री उचलून परतली.

मग रोज सकाळी पाऊस पडू लागला. कधी एकवीस, कधी तेवीस, बहुतेकदा बावीस. आकडा आला की शीतलचा जीव भांड्यात पडायचा आणि ती निवांत कणीक मळायला घ्यायची. कॉम्प्युटरच्या लेखी कुरुंद्याची चेरापुंजी होत चालली होती, पण ती कुणाला बोलली नाही. रवींद्रलाही नाही.

दहाव्या दिवशी सव्वासहाला पाऊस शून्य होता. साडेसहालाही शून्य. पावणेसातला तिच्या हातातली परात खाली पडली. चपला घालायचंही तिला सुचलं नाही. ओढ्यातले दगड पायांना टोचत होते आणि डोळ्यांपुढे गेल्या वर्षीचं ते मातीत पडलेलं धोतर दिसत होतं.

शेषराव हळदीवर दाताळं फिरवत उभे होते. धडधाकट.

शीतल बांधावरच बसली. धाप लागली होती, रडू येत होतं आणि हसूही.

"मामा, आज पाखराला पाणी काहून न्हाई ठेवलं?"

"ठेवलं की. ते बघ." लिंबाखाली मातीचं परळ भरलेलं होतं आणि दोन चिमण्या त्यात पंख झाडत होत्या. शेषरावांनी दाताळं टेकवलं. "आन् तुझ्या भांड्यातबी वतलं. सहालाच."

"माझ्या भांड्यात?"

"पाऊस मोजायचं हाय न्हवं ते? तू ताडपत्री घेऊन पळत आलतीस ना, त्याच सांजंला रवीनं सांगितलं." ते हळदीकडे बघत म्हणाले. "म्हटलं, ब्येस झालं. पेलाभर पाण्यात पोरीचा घोर मिटत आसंल, तर आपलं काय जातंय?"

तिने पदराने तोंड पुसलं.

"मंग आज घरी कळलं न्हाई का?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काळजी होती.

"न्हाई, मामा."

"बघ मंग तुझं मशीन. जा."

घरी येऊन तिने टेबलाखाली पाहिलं. काल संध्याकाळी झाडताना तिच्याच केरसुणीने वायर उपटली होती. तापमानही कालच्या सांजेच्या आकड्यावर अडकलं होतं. तिने घाईत पाहिलंच नव्हतं. वायर नीट बसवून ती पडद्यासमोर बसली. ऊन दारातून आत आलं होतं. तापमान हललं, दमटपणा हलला. पाऊस शून्य.

चुलीकडे जायला ती उठलीच होती, तेवढ्यात शून्याचे सहा झाले. मग चौदा. मग बावीस. ती बघत राहिली. जरा वेळ आकडा तिथेच थांबला आणि पुन्हा चढू लागला. तीस, अडतीस, चव्वेचाळीस.

म्हाताऱ्याने दुसरा पेलाही ओतला होता.