‘बेंग’ची दुसरी साक्ष

“एकाच माणसाच्या तोंडचा अर्थ कोशात घेता येत नाही, हे आता मी तुम्हाला शिकवायचं का?” संपादकबाईंनी कार्ड परत सरकवलं.

कारकुनानं कार्डावर बोट दाबून धरलं. तेलुगू-मराठी कोशाच्या कचेरीत तेवीस वर्षं कार्डं लिहून त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. नियम तोंडपाठ होता: प्रत्येक अर्थाला दोन साक्षीदार, नाहीतर कार्ड रद्दीत. शब्द होता ‘बेंग’. कुणाच्या तरी आठवणीनं झुरणं, हा अर्थ सगळ्यांनीच सांगितला होता. पण त्या झुरण्यानं अंगात भरणारा ताप, हा दुसरा अर्थ एकटीनंच दिला होता. त्याच्या बायकोनं. तेलुगू तिची मायबोली. तिला जाऊन सात महिने झाले होते.

“आणि व्युत्पत्तीचा रकाना? तोही कोराच.”

व्युत्पत्ती त्यानं तिला विचारली होती की. शब्द गोळा करायला हा महिना महिना फिरतीवर, आणि घरी ही तापानं फणफणलेली. एकदा परत आल्यावर त्यानं विचारलं, “हा शब्द येतो कुठून गं?”

“तुम्ही बॅग भरता ना, तिथून,” ती म्हणाली होती.

तो हसला होता, आणि आठवड्याभरात पुन्हा बॅग भरली होती. विद्वत्ता कसली डोंबलाची. आता कुलूप काढलं की स्वयंपाकघरातून तिचा खोकला ऐकू यायचा. “आलो गं,” म्हणून जायचा आणि दारातच खिळून राहायचा. हे कार्ड रद्दीत गेलं, तर तिचा तो ताप खोटा ठरणार होता, आणि ते त्याला सोसणारं नव्हतं.

“दुसरा साक्षीदार आहे,” तो म्हणाला.

“कोण?”

“मी. सात महिने रोज दुपारी ताप चढतो. डॉक्टरांना काही सापडत नाही.”

“अहो, तुमची भाषा तरी आहे का ती?”

“भाषा तिची. ताप माझा आहे.”

बाई चिडून काहीतरी बोलणार होत्या. त्याऐवजी त्यांनी हात पुढे केला, त्याच्या मनगटाला लावला आणि चटकन मागे घेतला.

“आज घरी जा तुम्ही,” त्या हळूच म्हणाल्या.

“घरी नको, बाई.”

मग त्यांनी कार्ड ओढून घेतलं. दुसऱ्या साक्षीदाराच्या रकान्यात त्याचं नाव लिहायला पेन टेकवलं, जरा थांबल्या, आणि ‘नवरा’ एवढंच लिहिलं.