अठरा कॉइल

दिनानाथच्या गिरणीसमोर भाताची पोती तीन दिवस ताटकळत होती, आणि पोत्यांपेक्षा जास्त बायजाबाई ताटकळली होती. म्हातारी आपल्या पोत्यावरच ठाण मांडून बसली होती.

“दिना, सांग एकदाचं. मोटर हुईल का नाय? नायतर आमी टेम्पो करतो नि खांब गावच्या गिरणीत भरडून आणतो.”

“हुईल, काकी.”

हेच तो काल म्हणाला होता, परवाही म्हणाला होता.

पौषाचं ऊन अंगाला लागत नव्हतं. आजूबाजूच्या खाचरांत वाल फुलावर आला होता. दिनानाथच्या खाचरात यंदा पेरलाच नव्हता. पेरणारी शांती, त्याची बायको, दिवाळीच्या आधी चार दिवस झोपेतच गेली. सून अनिता रडली, लेक रितेश धाटावच्या कंपनीतून शिफ्ट सोडून आला नि रडला. दिनानाथला रडू आलं नाही. तेव्हापासून त्याला काहीच येत नव्हतं, ना भूक, ना राग. एकदा अनिता आमटीत मीठ टाकायलाच विसरली, तर यानं मुकाट्यानं वाडगा रिकामा केला. लोक म्हणाले, माणूस दगड झाला. दगड बरा म्हणायचा, तो उन्हानं तापतो तरी.

अशात गिरणीची मोटर जळली. रितेशनं आडपडदा ठेवला नाही.

“बाबा, रविवारी भंगारवाला येतोय. मोटर नि गिरण दोन्ही देऊन टाकू. आता आई नाय, तुमच्या एकट्यानं हे झेपायचं नाय.”

गिरण गेली तर सकाळी उठून जायचं कुठं, हे दिनानाथला सुचेना. म्हणून त्यानं मोटरीची जळकी तार उपसली नि नवी भरायला घेतली.

हे काम त्याला अष्टमी गावच्या अब्राहमभाऊंनी शिकवलं होतं. त्यांचं मोटर भरायचं दुकान होतं. मागच्या साली ते दुकान बंद करून लेकीकडं, नाओमीकडं, इस्रायलला गेले. जाताना आपलं होकायंत्र दिनानाथच्या हातावर ठेवून गेले. शिकवताना म्हणायचे, “बघ दिना, मधल्या रोटरला बाहेरून एकबी वायर जात नाय. भोवतीच्या कॉइलांतून वीज गेली की त्यांचं चुंबक हुतं, नि ते चुंबक गोल फिरतं. त्याच्या फिरण्यानंच आतल्यात करंट उठतो, न शिवता. पण कॉइल उलटी जोडलीस तर आतल्याला कळायचं नाय कुठं जायचं ते.”

अठरा कॉइल होत्या, एकेकीला पन्नास वेढे. दहा वेढे झाले की वाटीत वालाचा एक दाणा टाकायचा, अशी त्या घराची मोजायची रीत. तीस वर्षं दाणे शांती टाकायची. आता वेढेही तोच घालत होता नि दाणेही तोच टाकत होता. एकही दाणा चुकला नाही.

तरी स्टार्टर दाबला तशी मोटर नुसती गुरगुरली. पुली जागची हलेना, वर तापल्याचा वास सुटला. त्यानं झटकन स्टार्टर सोडला.

“गेली का परत?” बायजाबाईनं विचारलं.

त्यानं मोटर उघडली, स्कूटरची बॅटरी आणली आणि कॉइलांना जोडून आतून होकायंत्र फिरवलं. जोडणी बरोबर असली की सुईनं एकदा इकडं तोंड करायचं, एकदा तिकडं. दुसऱ्या फेजला ती दोनदा एकाच अंगाला वळली. तीन कॉइलांची टोकं उलटी जोडली गेली होती. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अनिता चहा घेऊन आली. मोटरीत डोकावून म्हणाली, “बाबा, तांबडे दोरे नाय बांधले?”

“कसले दोरे?”

“कॉइलच्या पयल्या टोकाला. तुमी कॉइल काढून ठेवली की आई गाठ मारायच्या ना.”

दिनानाथनं चहा खाली ठेवला. दोरे त्यानं दर खेपेला पाहिले होते, त्यांच्याच खुणेवर टोकं जोडली होती. पण ते तिथं असतातच, असं त्यानं धरलं होतं. ते कोण बांधतं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आणि या खेपेला ते नाहीत, हेसुद्धा त्याला दिसलं नव्हतं.

अनितानं घरातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत तांबड्या दोऱ्याचं रीळ होतं आणि सारखे कापलेले तुकडे. दिनानाथनं मोजले. बरोबर अठरा.

“दसऱ्याला मोटरीची पूजा झाली नि कापून ठेवले त्यांनी,” अनिता म्हणाली. “म्हणाल्या, मोटर हाय, कधीतरी जळणारच. ऐन येळेला धावपळ नको.”

त्यानं सगळी टोकं सोडवली. एकेक कॉइल पाहून पहिल्या टोकाला दोरा बांधत गेला. त्याच्या गाठी ओबडधोबड बसत होत्या. मग टोकं नव्यानं जोडली, पुन्हा होकायंत्र फिरवलं. सुई इकडं वळली, तिकडं वळली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मोटरीनं एका झटक्यात वेग घेतला. पट्टा फिरला नि बायजाबाईचं पोतं पहिलं लागलं. रितेश शिफ्टवरून आला, दारात उभं राहून त्यानं आवाज ऐकला आणि भंगारवाल्याला नको येऊ म्हणून फोन केला.

तांदूळ भरून झाले तेव्हा दिनानाथ म्हणाला, “काकी, ह्यात माझा एकट्याचा हात नव्हता. इतकी वर्सं तिचाबी हुता.”

“आमाला ठाव हाय,” म्हातारी पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणाली. “तुलाच नव्हतं.”

दुपारी गिरण थांबली तसं त्यानं रीळ काढलं. अठरा तुकडे कापले, डब्यात ठेवले नि झाकण लावलं. मग हात धुऊन जेवायला बसला. भात कालवला, एक घास घेतला नि थांबला.

“अनिता,” तो म्हणाला, “आमटीत मीठ कमी हाय गो.”

अनिता मीठ आणायला आत गेली. तिला बाहेर यायला जरा वेळ लागला.