कडीपुरता कोरा कागद

बाबा चित्रकार, पण जन्मभर रंगवल्या त्या घरातल्याच वस्तू. चाळण, कात्री, झिजलेला झाडू. बाहेर एवढं जग पडलंय, आणि यांचा जीव अडकलेला स्वयंपाकघरात! आई वैतागायची. "अहो, आटपा तुमची कला. चाळणीवाचून पीठ खोळंबलंय." तरी मध्येच वस्तूला हात लावायची नाही. बाबांनी ब्रश धुऊन ठेवले की चित्र झालं, मगच वस्तू उचलायची, हा त्या घरचा नेम.

मग आई गेली. देवाने बोलावताना कुणाला विचारलं नाही.

बाबांनी तिची किटली समोर घेतली. तळाला भोक पडलेलं. कडीचा चटका बसतो म्हणून आईने तिच्यावर जुनी चिंधी गुंडाळली होती, आणि तिच्या मुठीचे वळ चिंधीवर तसेच होते. बाबांनी किटलीचं पोट रंगवलं, काजळी रंगवली, तोटी रंगवली. कडीपाशी आले आणि डोळ्यांना धार लागली. समोरचं दिसेना, रंग कुठे लावणार? कडीपुरता कागद कोरा ठेवून त्यांनी ब्रश धुतले आणि जाऊन पडले.

सकाळी लेकीने धुतलेले ब्रश पाहिले. आईसारखीच तिने किटली उचलली, तळाचं भोक पाहिलं आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकली.

"पोरी, किटली कुठाय?"

"दिली की भंगारात. ब्रश धुतलेले होते ना, बाबा."

बाबांचा चेहरा पाहिला मात्र, ती अनवाणीच धावली. भंगाराच्या दुकानातला माणूस कळवळून म्हणाला, "ताई, पत्र्याचा माल दाबून गाडीत भरून गेला हो. आता देवानेच शोधावा."

ती परतली तेव्हा बाबा चित्रासमोर बसले होते, हातात ओला ब्रश.

"आठवून रंगवा ना, बाबा. तुम्हाला तर सगळं पाठ असतं."

"चिंधीचा रंग कोणता होता गं?"

"निळा. नाही... जांभळट होता का? अहो, तुम्हीच तर दिवसभर ती समोर घेऊन बसला होतात!"

"मी वळ बघत होतो."

"माझ्या जुन्या फ्रॉकची होती का?"

"असेल. तिला नक्की ठाऊक." आणि सवयीने त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "अगं ए, तुझ्या किटलीची ती चिंधी..."

लेकीने त्यांचा हात घट्ट धरला.