अर्धवट अपडेट आणि गरम इस्त्री

मित्रांनो, मी शिवणाच्या दुकानातला एक जुना संगणक आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. पंख्याची घरघर सोडली तर माझी तब्येत ठणठणीत आहे आणि डोकंही ठिकाणावर आहे.

माझी उमेदीची वर्षं एका कचेरीत गेली. तिथे सगळे माझं कौतुक करत. पुढे नवी यंत्रं आली, मी संथ ठरलो आणि कपाटामागे धूळ खात पडलो. गरज सरो, वैद्य मरो! मला फार वाईट वाटलं. शेवटी तिथल्याच एका बाईंनी मला उचलून आपल्या थोरल्या बहिणीच्या दुकानात आणलं. जुनी प्रणाली काढून त्यांनी माझ्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली आणि मी पुन्हा चपळ झालो.

ताई शिवणात पटाईत, संगणकात मात्र अगदी नवखी. तरी तिने मला हवं तसं बेतून घेतलं. टेबलावरच्या कापडांच्या ढिगामागे स्क्रीनची खालची पट्टी झाकली जाई, म्हणून ती पट्टी तिने वर नेली. या खटाटोपात पट्टी एकदा गायबच झाली, पण ताईने ती शोधून परत आणली. माउसचा बाण दिसेना, तर तो मोठा आणि नारिंगी केला. मग कपड्यांच्या कापाचे सगळे नमुने ती माझ्यातच आखू लागली. ते दुसरीकडे कुठेच नव्हते आणि खरं सांगतो, मला त्याचा गर्व होता.

एके दुपारी अपडेट आल्याची खूण दिसली. ताईने पासवर्ड टाकून ते सुरू केलं. तेवढ्यात कपड्यांना लावायची बटणं संपल्याचं तिच्या लक्षात आलं आणि ती आणायला ती निघाली. मागे एकदा इस्त्री चालू राहून टेबल जळालं होतं. तेव्हापासून दुकानाबाहेर पडताना ताईचा हात आपोआप इस्त्रीच्या विजेच्या बोर्डाकडे जातो. माझी वायरही त्याच बोर्डाला होती. तिने खटका बंद केला आणि अर्ध्या अपडेटमध्येच माझे डोळे मिटले.

ती परतली तेव्हा मी धड सुरूच होईना. काळ्या स्क्रीनवर नुसती पांढरी अक्षरं. ताईचा फोन जाताच मला इथे आणणारी धाकटी बहीण धावत आली.

"ताई, दे आता भंगारात. मी दुसरा बघते तुझ्यासाठी."

"आणि माझे नमुने गं?"

"कॉपी नाही ठेवलीस?"

ताईने नकारार्थी मान हलवली. मी मनातून पार घाबरलो होतो.

"थांब जरा," ताई म्हणाली. "उसवून बघितल्याशिवाय टाका कुठे चुकलाय ते कळत नाही."

तिने मला पुन्हा चालू केलं. सुरुवातीच्या मेनूत अपडेटच्या आधीचं कर्नल, म्हणजे माझा जुना गाभा, निवडता येत होता. तिने तो निवडला आणि मी उठून बसलो. अपडेट पुन्हा सुरू करताच मी बजावलं की आधीचं काम अर्धवट आहे, आधी ही आज्ञा चालवा.

"बघ, तोच सांगतोय काय करायचं ते. तू वाच, मी टाइप करते," ताई म्हणाली.

धाकटी एकेक अक्षर वाचत गेली, ताई एका बोटाने टाइप करत गेली. राहिलेलं काम मी चोख पूर्ण केलं. नमुने जसेच्या तसे होते. ताईने डोळे पुसले आणि धाकटीने माझ्या डोक्यावरची धूळ.

म्हणून मित्रांनो, अपडेट चालू असलेल्या यंत्राची वीज तोडू नका, ते काय सांगतंय ते नीट वाचा आणि मोलाच्या गोष्टींची एक प्रत दुसरीकडे ठेवा. ताईने त्याच संध्याकाळी सगळे नमुने पेनड्राइव्हवर घेतले. आता त्यांच्यासाठी तिला माझी गरज उरलेली नाही. तरी रोज दुकान उघडलं की ती आधी मलाच सुरू करते.