ओला किती

“बाई, एक नंबर मारा आणि सोडा,” साहेब दारातूनच म्हणाले. “वाचत काय बसलात? उद्या आराखडा वर जायचाय.”

एक नंबर म्हणजे ‘नोंद घेण्यात आली’. दोन नंबर ‘आराखड्यात आधीच समाविष्ट’, तीन ‘आराखड्याच्या कक्षेबाहेर’, आणि चार ‘धोरणात्मक बाब’. असे चार रबरी शिक्के माझ्या टेबलावर आहेत. लोकांच्या हरकती येतात, त्यांवर यातला एकेक मारायचा, शिक्क्यासकट प्रत उत्तर म्हणून टपालात टाकायची आणि मूळ कागद फायलीला लावायचा, हे माझं काम. नदीखोऱ्याचा शाश्वत विकास आणि जलव्यवस्थापन आराखडा, असं त्याचं लांबलचक नाव. माझ्या नोकरीतला हा तिसरा. पहिल्याचे दोन खंड माझ्या टेबलाच्या आखूड पायाखाली आहेत. दुसरा कुठे गेला ते मामांनाही ठाऊक नाही, आणि मामा म्हणजे आमचे शिपाई, त्यांना कचेरीतल्या उंदरांचीसुद्धा बिळं ठाऊक असतात.

सव्वीस वर्षं झाली. शिक्का उचलला की खांद्यातून कळ येते. घरी सांगितलं तर म्हणतात, शिक्के मारून कुणाचा खांदा दुखतो का? या एकदा, आणि मारून बघा.

एकूण चारशे बारा हरकती होत्या. त्या दुपारी तीनशे चार नंबरची माझ्या हातात होती आणि मी ती वाचत होते, कारण अक्षर दादाचं होतं. माझा सख्खा भाऊ. खाली ओढ्याकाठी, आम्ही वाढलो त्याच घरात राहतो आणि आसपासच्या बत्तीस घरांचे पाण्याचे पंप दुरुस्त करतो. दर रविवारी फोनवर बोलतो. वहिनीचे गुडघे, पोरीची परीक्षा, सगळं सांगतो. हरकत पाठवल्याचं मात्र अवाक्षर नाही! मुद्दाम सांगितलं नसणार. मला अडचण नको म्हणून.

पत्र सरळ होतं. आराखड्याच्या नकाशात आपला ओढा तुटक रेघेनं दाखवलाय, म्हणजे उन्हाळ्यात आटणारा. तो आटत नाही. तुमचा माणूस वरच्या पुलावरून बघून गेला. तिथे नुसते दगड दिसतात, पाणी दगडांच्या खालून वाहतं आणि अर्ध्या मैलावर आमच्या डोहात वर येतं. कृपया माणूस खाली पाठवावा.

त्या रेघेचं महत्त्व दादाला कळलं होतं. वर नवा बंधारा व्हायचाय. बारमाही ओढा असेल तर बंधाऱ्यातून उन्हाळाभर खाली पाणी सोडणं भाग असतं. तुटक रेघ असेल तर थेंबही सोडायची गरज नाही. आधीच आटतोय ना, मग कशाला? एका रेघेत बत्तीस घरं कोरडी, आणि पंपच नाहीत तर पंपवाला तरी काय करणार तिथे?

पत्रामागे वहीचं पान होतं, पट्टीनं आखलेलं. दादा दर उन्हाळ्याच्या शेवटी डोहातला पंप साफ करायला वर काढतो. पंपाचा पाइप पाण्यात किती बुडाला होता ते त्याच्या ओल्या भागावरून कळतं. ते मापून त्यानं लिहून ठेवलं होतं. एका रकान्यात तारीख, दुसऱ्याचं नाव ‘ओला किती’. एकोणीस वर्षांच्या एकोणीस ओळी. एकदाही दोन फुटांच्या खाली नाही. आमच्या तज्ज्ञ मंडळींनी त्या ओढ्याला एक दुपार दिली होती.

त्याच डोहात मी सात वर्षांची असताना बुडत होते. दादानं वेणी धरून बाहेर काढलं आणि वर दोन धपाटे घातले. तेव्हा ऐन उन्हाळाच होता. आटलेल्या ओढ्यात बुडायला मी काही इतकी हुशार नव्हते.

पाचवा शिक्का साहेबांच्या खणात असतो, ‘स्थळपाहणी करावी’. तो फक्त त्यांनी मारायचा. मी पत्र घेऊन आत गेले.

साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. वाईट माणूस नाही. डोळ्यांखाली काळं आलेलं, समोर गार झालेला चहा. त्यांनी सगळं वाचलं, मागचं पानही.

“नीट ठेवलंय हो यानं,” ते म्हणाले. “कोण आहे?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. ‘कुणी पंपवाला आहे’ म्हणाले असते तर ते खोटंही नव्हतं.

“माझा भाऊ आहे, साहेब. सख्खा.”

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. “बाई, स्थळपाहणी लावली की दीड महिना गेला. उद्याची तारीख चुकली की मंजुरीची मुदत टळली, म्हणजे अख्खा आराखडा पुन्हा पहिल्यापासून. बरं, तेही सोडा. चारशे बारा लोकांनी लिहिलंय. त्यातल्या किती जणांची बहीण या कचेरीत आहे?”

“एकाची.”

“मग मी काय करू, सांगा तुम्हीच.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दोनशे अठरा नंबरच्या बाईनं विहिरीचं लिहिलं होतं, तिला मी सकाळीच एक नंबर मारून मोकळी झाले होते, तेही शेवटची ओळ न वाचता. तेव्हा नाही कुणाच्या दारात गेले.

“निदान दोनशे अठरा नंबरच्या बाईकडे आणि याच्याकडे, दोन्हीकडे माणूस पाठवा,” मी म्हटलं.

“बाई,” साहेब इतकंच म्हणाले आणि डोळे चोळू लागले.

मी जागेवर आले. शिक्का शाईवर दाबला आणि तीनशे चार नंबरवर मारला. नोंद घेण्यात आली. जरा वाकडा बसला. मामा म्हणाले, “बाई, चहा सांगू?” मी नको म्हटलं. संध्याकाळपर्यंत उरलेल्या एकशे आठ संपवल्या. सगळ्या वाचून संपवल्या, म्हणून उशीर झाला. त्याचा कुणाला काय उपयोग, विचारू नका.

रविवारी दादाचा फोन आला तेव्हा बाथरूममध्ये आहे म्हणून सांगायला लावलं. पन्नाशी उलटून गेलेली बाई, भावापासून लपून बसली होती!

नवव्या दिवशी तो स्वतःच कचेरीत आला. मधली सुट्टी होती, खोलीत मी आणि मामाच होतो. धुतलेला शर्ट, खांद्याला पिशवी, हात घासून स्वच्छ केलेले, तरी नखांत ग्रीस होतंच.

“काय बुटके, फोन नाही घेत हल्ली?” तो म्हणाला. मी पाच फुटांची आहे, तो माझ्याहून दोन बोटं उंच, पण बुटकी मीच.

मामांनी खुर्ची दिली. दादानं खिशातून घडी केलेलं उत्तर काढलं आणि टेबलावर सरळ करून ठेवलं. वाकडा शिक्का वर आला.

“नोंद घेण्यात आली म्हणतायत,” तो म्हणाला.

मी सव्वीस वर्षं हे शब्द लोकांना पाठवले, पण त्यांचा अर्थ तोंडानं कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

“दादा, त्याचा काही उपयोग नाही. माणूस येणार नाही. नकाशा तसाच वर गेलाय. आणि हा शिक्का मीच मारलाय.” माझा आवाज फुटला. “मीच मारलाय रे.”

तो उत्तराकडे बघत राहिला. मामा उगीचच कपाट उघडून आत बघायला लागले.

“साहेबांना विचारलंस?”

“विचारलं.”

“माझा भाऊ आहे म्हणालीस?”

“हो.”

“कशाला म्हणालीस, येडे?” तो हसला, पण पुरतं नाही. मग म्हणाला, “अगं, मला कळलं होतं. माझ्याकडे पार जळलेला पंप घेऊन कुणी आलं ना, तर मी काय म्हणतो? ठेवून जा, बघतो. तोंडावर नाही म्हणवत नाही. त्यांना पण कळतं, तरी ठेवून जातात.”

मी पदर डोळ्यांना लावला, तर म्हणाला, “आता इथे नाटक नको.”

मग त्यानं विचारलं, “तू वाचलंस का पण? मागचं पान?”

“सगळं. एकोणीसच्या एकोणीस.”

“हं. मागच्या वर्षीचं माप घेताना पाय घसरला होता. बरगडी धरली होती महिनाभर. तुझ्या वहिनीला बोललो नाही.” त्यानं पिशवीतून एक कागद काढला, तसाच आखलेला, पण एकच ओळ असलेला. “परवा पंप काढला. यंदाचं माप. दोन फूट सात इंच. हे त्या पानाला लाव.”

“दादा, फाइल बंद झाली.”

“असू दे. अर्धवट नको राहायला.”

बंद झालेल्या गठ्ठ्याला हात लावायचा तर अर्ज लागतो, सही लागते. मी मामांकडे बघितलं. मामांनी कपाटातून गठ्ठा काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. मी नाडी सोडली. तीनशे चार नंबर काढला, वहीच्या पानामागे दादाचा कागद लावला, कोपऱ्यात पान क्रमांक घातला आणि तारखेसह सही केली. मग सगळं जुळवून नाडी आवळली.

“इथे बोट धर,” मी म्हटलं.

दादानं नाडीवर अंगठा दाबून धरला. मी घट्ट गाठ मारायला लागले.

“एवढी घट्ट नको,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी परत सोडायची आहे.”

“बंधारा होईल तोवर, दादा. पाइप कोरडा निघाला तर?”

“तर काय? तेही लिहायला लागेलच ना.”

त्याचा अंगठा अजून तिथेच होता. मी गाठ सोडवली आणि सुरगाठ बांधली.