फणसाचा उंबरा
सरहद्दीवर सुरुंग फुटला आणि प्रज्योतचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. त्याच्या आईने, देवकीने, तेही सोसलं. पण तो चाकाच्या खुर्चीवरून लाटंबार्सेला घरी येणार म्हटल्यावर विठ्ठल मेस्त्री दारात उभा राहून म्हणाला, "वयनी, हो उंबरो काढूक व्हयो," आणि ते मात्र तिला सोसेना. फणसाच्या लाकडाचा तो उंबरा, नवऱ्याने स्वतः बसवलेला. तो माणूस गेला, तरी हिने रोज तो पुजलेला. काढायचा कसा? ती उठली आणि देवळात जाऊन तिने देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवून प्रसाद लावला, कौल मागितला. देवाच्या अंगावरची डावी पाकळी पडली. म्हणजे नाही. झालं! देवापुढे कोण बोलणार?

मग विठ्ठलने मागच्या दाराला उतार बांधला, ते दार रुंद केलं, न्हाणीत धरायला दांडे बसवले. काम अगदी चोख. देवकीला एवढं सगळं सुचलं, पण पोराला काय वाटेल ते काही तिला सुचलं नाही.

रजेवर यायचा तेव्हा ती त्याला पुढच्या दारात ओवाळून आत घ्यायची. या वेळी खुर्ची गोठ्याच्या बाजूने मागे वळली. "बरो बांधलो," उताराकडे बघून तो एवढंच म्हणाला. त्यानंतर तो पुढच्या दाराकडे फिरकलाच नाही. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचा.

चवथ आली. वडिलांमागे गणपती पुढच्या दाराने घरात आणायचा मान त्याचा. त्यासाठी तो दरवर्षी धडपडून रजा काढायचा. देवकीला राहवेना. आदल्या दिवशी तिने विठ्ठलला बोलावलं आणि समोर उभं राहून उंबरा कापून घेतला. करवत चालली तशी ढसाढसा रडली, पण थांबवलं नाही.

"बाबू, चल बघ. दार मोकळा केलंय. गणपती तूच आणूचो."

प्रज्योत खुर्ची ढकलत दारापाशी आला. चौकटीची उघडी खाच बघत राहिला.

"आये, देवान उजवो प्रसाद दिलो?"

"ह्या वेळेक विचारूकच नाय रे."



"गणपती येतलो म्हणून न विचारता काढलंस," तो हळूच म्हणाला. "मी येवचो होतंय, तेव्हा विचारूक गेलंस."



दुसऱ्या दिवशी त्याच्या मांडीवर बसून गणपती पुढच्या दाराने आत आला. ती ओवाळत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता. आरती संपली तशी त्याने खुर्ची मागच्या खोलीकडे वळवली.